ओढ्याकडची आळी

बुरुजाच्या दारात टोमस कोनर्टने मान खाली घातली आणि तो आत शिरला. 'डोकं सांभाळा' असं गाइडने म्हणायला अजून अवकाश होता. त्याच्या मागून येणाऱ्या आइबलबाईंचं कपाळ मात्र चौकटीच्या दगडावर आपटलंच.

"तुम्हाला बरं कळलं," कपाळ चोळत त्या म्हणाल्या.

"उंच माणसाला सवय असते."

आइबलबाईंनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. तो त्यांच्याहून जेमतेम चार बोटं उंच होता. पण त्या ग्राझच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि खोटं बोलणाऱ्याला कधी टोकायचं, कधी नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्या पुढे झाल्या.

बुरुजात गारवा होता. वरच्या तुळईला ओळीने लोखंडी आकडे होते आणि प्रत्येक आकड्याखाली घराचा नंबर रंगवलेला होता. गाइड रोदिका मधोमध उभी राहिली. तिशीची मुलगी, हातात मिटलेली पिवळी छत्री. रोमानियातल्या सिबिऊहून सकाळी आठला निघालेली सहल. एक किल्ला आणि एक तटबंदीचं चर्च दाखवून झालं होतं, तरी तिचा आवाज बसलेला नव्हता.

"शत्रू आला की सगळा गाव या कोटात यायचा. म्हणून धान्य आणि मांस कायम इथेच. शत्रू यायचे थांबले, तरी पद्धत चालूच राहिली. रविवारी प्रार्थना झाली की प्रत्येक घरचा कर्ता इथे यायचा, आपल्या आकड्यावरच्या खारवलेल्या चरबीच्या लादीतून आठवड्यापुरता तुकडा कापायचा आणि कापलेल्या कडेवर शिक्का मारायचा. पुढच्या रविवारी शिक्का जागेवर नसला, तर समजायचं, मधे कुणीतरी सुरी चालवली."

"शेजाऱ्यांवर एवढा विश्वास," आइबलबाई म्हणाल्या.

सगळे हसले. टोमस बत्तीस नंबरच्या आकड्याकडे पाहत होता. त्याचे वडील सुरीच्या टोकावर एक पातळ कातळी धरायचे आणि ती त्याच्या तोंडाशी आणायचे. आधी मीठ लागायचं, मग धूर, मग सगळ्यात शेवटी तिखट. 'आईला सांगू नकोस' असं ते दर रविवारी म्हणायचे. आईला ते दर रविवारी कळायचं. हा आकडा तेव्हा फार उंचावर होता. आता हात वर केला असता तर लागला असता. त्याने हात खिशातच ठेवला.

चर्चमध्ये बायकांच्या बाकांना पाठ नव्हती.

"प्रार्थनेत डुलकी लागू नये म्हणून," रोदिकाने सांगितलं.

"फितींसाठी," टोमस म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

"काय म्हणालात, कोनर्टसाहेब?"

"पाठीवर फिती सोडलेल्या असायच्या. कडक इस्त्रीच्या. टेकून बसलं की चुरगळणार."

"हे कुठे वाचलंत?"

"आठवत नाही."

रोदिकाने छोटी वही काढून ते लिहून घेतलं. टोमसला आईची पाठ दिसत होती. चौथी रांग, डावीकडून दुसरी जागा. दीड दीड तास ती पाठ ताठ असायची आणि घरी पोचल्यावर फिती उतरवल्या की आई पहिल्यांदा खुर्चीत मागे रेलायची. त्या रेलण्याचा एक आवाज होता. न्युरेंबर्गच्या फ्लॅटमध्ये, गुबगुबीत सोफ्यावर, तो आवाज त्याने पुन्हा कधी ऐकला नाही.

वेदीच्या बाजूच्या खोलीत काचेची पेटी होती. तिच्यात हाताच्या पंजाएवढ्या तीन लाकडी पाट्या खिळ्यांना टांगल्या होत्या. प्रत्येकीवर कोरीव काम, आणि मागे कागद अडकवायला एक फट.

"गावात चार आळ्या होत्या," रोदिका सांगू लागली. "आणि प्रत्येक आळीची एक पाटी. काही कळवायचं असलं की आळीचा प्रमुख चिठ्ठी लिहून पाटीला अडकवायचा आणि पहिल्या घरी द्यायचा. पहिल्याने वाचून दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. विहीर उपसायची आहे, पूल दुरुस्त करायचा आहे, कुणी गेलंय, अमक्या अमक्याने खड्डा खणायला यायचं आहे. नियम एकच. पाटी कुणाच्याही घरी रात्रभर राहता कामा नये."

"आणि राहिली तर?"

"तसं कधी झालं नाही म्हणतात."

"चौथा खिळा रिकामा आहे," आइबलबाई म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"ती ओढ्याकडच्या आळीची. नव्वद साली इथले सगळे जर्मन वंशाचे लोक जर्मनीला गेले, त्या गडबडीत हरवली असणार. असो. आता पंधरा मिनिटं मोकळा वेळ. बाहेर झाडाखाली त्सुइका, म्हणजे आलुबुखाराची दारू, मिळते, पण जपून, पुढे अजून एक किल्ला चढायचा आहे."

"माझे गुडघे अजून सकाळच्या किल्ल्यातच आहेत," आइबलबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

ओढ्याकडच्या आळीची पाटी टोमसच्या खांद्यावरच्या पिशवीत होती, टॉवेलात गुंडाळलेली.

ही सहल त्याने मुद्दाम निवडली होती. गावी येणाऱ्यांचे मेळावे दर दोन वर्षांनी भरत, बँड वाजे, जुने लोक तीन तीन दिवस राहत. तो कधी आला नव्हता. सहलीच्या पत्रकात मात्र क्रॉइट्सबाखच्या, म्हणजे या गावाच्या, पुढे छापलेलं होतं: चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत जे सांगायचं ते सांगून होईल आणि मग बस निघेल, असा त्याचा हिशोब होता. त्यातली पंचवीस मिनिटं त्याने आपल्याच गावाची माहिती ऐकण्यात घालवली होती.

आग्नेता लुत्श दिंडी दरवाज्याच्या आत बाकावर बसून वाटाणे सोलत होती. शेजारी तिकिटांचं पुस्तक आणि बोटाएवढ्या जाड चाव्यांचा जुडगा. आत येताना त्याने टोपी कपाळावर ओढून तिच्याकडून तिकीट घेतलं होतं. तिने मान वर केली नव्हती.

तो समोर जाऊन उभा राहिला. "आग्नेता," तो म्हणाला. गावच्या बोलीत म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडातला तो उच्चार त्याला परका वाटला.

"बस की," ती म्हणाली. "तुझी चाल अगदी बापासारखी झालीय. फाटकातून आलास तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली नाहीस?"

"तिकीट काढून आलास ना. म्हटलं, पाहुण्याला बघू दे काय बघायचंय ते."

तो बाकाच्या टोकाला बसला. ते दोघं एका वर्गात होते. शाळेत ती त्याच्या पुढे बसायची आणि तिच्या वेण्यांना शाई लागली की ती मागे न वळता त्याच्या नडगीवर लाथ मारायची.

"किती वेळ आहे तुला?"

"पंधरा मिनिटं. आता बारा."

"बरं आहे. अठ्ठावीस वर्षांना पुष्कळ झाली."

त्याने पिशवी मांडीवर घेतली, टॉवेल सोडला आणि पाटी दोघांच्या मधे ठेवली. मागच्या फटीत चिठ्ठी होती, घडीवर पिवळी पडलेली. आग्नेताने एप्रनला हात पुसले. चिठ्ठी मात्र उघडली नाही.

"न्युरेंबर्गला पेटी उघडली तेव्हा सापडली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने बसमध्ये, त्याआधी विमानात, त्याआधी कित्येक वर्षं बायकोशेजारी जागं पडून मनात म्हटलं होतं. "ट्रक दारात उभा होता. चादरींबरोबर गेली असणार. माझ्याकडून पुढे गेलीच नाही, आग्नेता. माझ्यानंतरच्या कुणालाच कळलं नाही. म्हणून तुझ्या वडिलांच्या मातीला आळीतलं कुणी आलं नाही. त्यांची काही चूक नव्हती. माझी होती. तू इतकी वर्षं त्यांना दोष…"

"रोज," ती म्हणाली. "पहिली पाच वर्षं मी रोज एकेकाचं नाव घ्यायचे. घरांच्या क्रमाने. मग क्रम विसरायला लागले. सदतीस नंबरच्या आधी गुनेश की झिल, आता सांगता येत नाही."

"झिल."

"झिल," तिने मान हलवली. एक शेंग उकलली, अंगठ्याने दाणे भांड्यात पाडले. "टोमस, घंटेकरी आदल्या आठवड्यातच जर्मनीला गेला होता. घंटा मी स्वतः वाजवली. अर्धा तास. हाताची सालटी निघाली."

तो टॉवेलाची घडी घालू लागला.

"तुला ऐकू आली?"

तटावर पाकोळ्या किरकिरत होत्या. झाडाखाली आइबलबाई कुणाला तरी त्सुइकाचा दुसरा पेला नको म्हणत होत्या, आणि तो पेला हातात धरून होत्या.

"आली," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच आली असेल. गाव केवढं ते." तिच्या आवाजात राग नव्हता. दुरुस्ती करावी तशी ती बोलत होती. "पाटी आली नाही म्हणून घराबाहेर पडायचं नाही, हे आपल्याच लोकांना जमतं."

त्या संध्याकाळी तो ट्रकवर दोरी आवळत होता. घंटा सुरू झाली तेव्हा दोरी त्याच्या दातांत होती. बायको खिडकीतून म्हणाली होती, लुत्शकाका गेले वाटतं. आणि त्याने दोरीला आणखी एक गाठ मारली होती. पाटी चादरींत कुणी ठेवली हेही त्याला ठाऊक होतं. चिठ्ठीवर खड्डा खणणाऱ्या चार घरांचे नंबर होते. पहिला बत्तीस, त्याचाच.

"मग," त्याने विचारलं, "खणला कुणी?"

"वरच्या रस्त्याच्या रोमानियन लोकांनी. निकुलाए ओप्रा आणि त्याचे दोन मेहुणे. त्यांना कोण पाटी देणार होतं? घंटा ऐकली आणि फावडी घेऊन आले. कुठे खणायचं तेवढं विचारलं."

"आणि तू त्यामुळे राहिलीस."

"त्यामुळे कसली." ती पहिल्यांदाच हसली. "माझे कागद तयार होते. पण त्या तिघांना जेवायला घालायला हवं होतं, ते घातलं. दुसऱ्या दिवशी निकुलाएच्या बायकोने परडीभर अंडी पाठवली. आता परडी रिकामी कशी परत करायची? म्हणून केक केला. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. असंच चालू राहिलं, आणि एक दिवस कागदांची मुदत संपलेली दिसली."

"कोनर्टसाहेब," रोदिकाने चौकातून छत्री उंचावली. "पाच मिनिटं."

तो उठला. त्याला वाटलं होतं की पाटी दिल्यावर पिशवी हलकी होईल. तशी ती झालीही होती, आणि तो दोन्ही हातांनी तिचा रिकामा पट्टा धरून उभा होता.

"ती ठेव इथेच," आग्नेता म्हणाली. "खिळा आहे. तुझं घर पाहिलंस?"

"बसमध्ये उलट्या बाजूला बसलो होतो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"निकुलाए राहतो तिथे. पंचायतीने दिलं. छप्पर नवीन घातलंय, पण तुझ्या आजोबांनी लावलेला अक्रोड तोडला नाही." तिने पुढची शेंग उचलली. "ऐंशीचा आहे आता. कानाने ठीक आहे."

तो दिंडी दरवाज्यातून बाहेर पडला. बस उजव्या हाताला उभी होती. इंजिन सुरू होतं, आइबलबाई पायरीवर चढत होत्या. तो डावीकडे वळला. ओढ्याच्या कडेने तिसरं घर. चालायला दोन मिनिटं लागत. लहानपणी पळत अर्धं.

भिंत आता निळी होती. फाटक तेच, वर नंबरही तोच. आत कुणीतरी पाइपने टोमॅटोला पाणी घालत होतं, पानांवर पाणी पडण्याचा आवाज येत होता. त्याने कडी वाजवली. बाहेरूनच फाटक उघडायची युक्ती त्याला माहीत होती, फळीच्या फटीतून बोट घालून खिट्टी वर ढकलायची. तो थांबून राहिला.

फाटक उघडलं. म्हातारा बुटका होता, डोक्यावर गवती हॅट, हातात पाइप. त्याने टोमसची पिशवी पाहिली, बूट पाहिले.

"टॉयलेट चर्चच्या मागे," तो रोमानियनमध्ये म्हणाला. "डाव्या हाताला. सगळे इथेच येतात."

"मी त्यासाठी नाही आलो."

"मग?"

चौकात बसने एकदा हॉर्न दिला. टोमसने टोपी काढली. रोमानियन शब्द एकेक करून जमवावे लागत होते. कारखान्यातल्या पंचवीस वर्षांत त्यांची गरज पडली नव्हती.

"नव्वदच्या एप्रिलमध्ये तुम्ही लुत्शकाकांसाठी खड्डा खणलात," तो म्हणाला. "ती पाळी माझी होती. मी कोनर्ट. मी इथेच होतो. घंटा ऐकली होती मी."

निकुलाए ओप्राने त्याच्याकडे पाहिलं. पाइपातलं पाणी त्याच्या स्वतःच्याच बुटांवर पडत होतं. मग तो वाकला, नळ बंद केला आणि हात पाठीवर ठेवून सावकाश सरळ झाला.

"माती मऊ होती," तो म्हणाला. "फार वेळ नाही लागला."