पिंडाजवळचा लाकडी कावळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कावळा आहे. अल्फान्सोच्या घराच्या माळ्यावर, फाटक्या जाळ्यांखाली पडून असतो. मला बघून तुम्हाला हसू येईल. खऱ्या कावळ्यांना मात्र ते कधी आलं नाही.

अल्फान्सो हा कोलशेतच्या खाडीकाठचा ख्रिस्ती शेतकरी. पन्नास सालाच्या सुमाराला त्याने मला खाडीकाठच्या भेंडीच्या झाडाच्या लाकडातून कोरलं, चुलीच्या काजळीने रंगवलं आणि मेलेल्या कावळ्याची पिसं अंगावर चिकटवली. माझं काम शेतात मेल्यासारखं उलटं पडून राहण्याचं. आपल्यातलं कुणी मेलेलं दिसलं की कावळे जमतात आणि कालवा करतात. मग झावळ्यांच्या आडून बंदूक उडायची. मारलेला कावळा शेतात टांगला, की बाकीचे पिकाच्या वाटेला जात नसत. गाव माझं कौतुक करायचं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

शेजारचा राघो आगरी. कावळ्यांनी त्याच्या कलिंगडांची चाळण केली, तेव्हा तो मला आणि बंदूक मागायला आला. शिकार त्याने कधी केली नव्हती.

अल्फान्सोने समजावलं, "पांढरा कपडा नको. पयला येल त्याला सोड, तो नुस्ता बघाला येते. बार काढलास का ते जाईपरयंत भायेर पडू नको. आनि तोंड झाक रे बाबा. कावला तोंड इसरत नाय."

राघोची म्हातारी आई सखुबाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "नको मारू रं. आपलीच मानसं हान ती."

राघोने ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार बरोबर बसला. पहिलीच शिकार, राघोला आभाळ ठेंगणं झालं. तोंडावरचं फडकं फेकून तो धावत बाहेर आला. एका हातात मेलेला कावळा, दुसऱ्या हातात मी, आणि दोन्ही हात उंच करून तो नाचला. वर घिरट्या घालणाऱ्या कावळ्यांचा कालवा एकदम थांबला. मी त्या कालव्यातच वाढलेला, मला ती शांतता सोसवेना.

तेव्हापासून राघो घराबाहेर पडला की कावळे झाडाझाडावरून त्याच्यासोबत चालायचे. ओरडायचे नाहीत, चोच मारायचे नाहीत, नुसते बघायचे. तो शहाडला बहिणीकडे गेला, तर तिथल्या चिंचेवरही तसेच बसलेले.

त्याच उन्हाळ्यात सखुबाई गेली. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. झाडं कावळ्यांनी काळी झाली होती, पण एकही खाली उतरेना. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव अडकून राहतो, असं ही माणसं मानतात. राघोने हात जोडून आईला वचनं दिली, पुन्हा बंदूक धरणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. ऊन चढत गेलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ."

"नाय," राघो म्हणाला. "आयेला खराच पायजे."

अल्फान्सो शेजारधर्म म्हणून आला होता. त्याने घरी जाऊन मला आणलं आणि पिंडाजवळ उभं केलं. आपल्यातला एक जेवतोय असं वाटून बाकीचे उतरतील, असा त्याचा भाबडा हिशेब. पण त्यांनी मला ओळखलं. सगळेच्या सगळे एकेक फांदी मागे सरकले. मित्रांनो, मला तर वाटलं, त्या गर्दीतून सखुबाईही माझ्याकडेच बघत होती. मला फार भीती वाटली.

शेवटी राघोची बायको तुळसा हळूच त्याला म्हणाली, "तुमी जावा. तुमी हाव तवर ती यायची नाय. याला पन न्या."

राघो मला काखोटीला मारून बांधाआड गेला आणि खाली मान घालून बसला. लगेच पंखांचा आवाज झाला. "शिवला," पलीकडे कुणीतरी म्हणालं. पोटच्या पोराला तेवढं बघता आलं नाही. आपण डोकावलो तर ते उडून जातील, हे त्याला कळत होतं. माझ्या पिसांत तोंड खुपसून तो रडला.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपून ठेवा. माझं मागणं वेगळं आहे. मला पाहिलेले कावळे केव्हाच मेले असतील. तरीही कौलांच्या फटीतून एक डोळा रोज मला बघून जातो. त्यांनी आपल्या पिलांना सांगून ठेवलेलं दिसतं. म्हणून मला खेळायला अंगणात नेऊ नका. माझ्यासोबत ज्याला पाहतील, त्याला ते लक्षात ठेवतील. मला सरळ चुलीत घाला. फक्त त्याआधी दारं-खिडक्या लावून घ्या.