उलट्या स्विचची गाडी

मित्रांनो, मी रिमोटवर चालणारी एक लाल गाडी आहे. जुनी आहे हे माझं मलाच ठाऊक आहे, तुम्ही मुद्दाम सांगायची गरज नाही. एका बाजूचा आरसा तुटलाय, टपावर ओरखडे आहेत आणि मागच्या एका चाकाचं रबर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं आहे. पण माझे दिवे बघा! असे दिवे कारखान्यात बसवून मिळत नाहीत. ते कसे आले ते सांगते, जरा नीट बसा.

कारखान्यात मला डोळेच दिले नव्हते. दिव्यांच्या जागी चंदेरी कागदाचे दोन गोल चिकटवले, मागे दोन लाल चौकोन, आणि झालं. खोक्यावरच्या चित्रात मात्र माझ्या दिव्यांतून असा काही उजेड पडत होता की विचारू नका. दुकानाच्या काचेमागे मी चार महिने त्याच तोऱ्यात उभी होते. मग एक दिवस ब्रेडची व्हॅन चालवणारा एक माणूस आत आला. त्याच्या शर्टाला ताज्या ब्रेडचा वास होता. त्याच्या मुलीला नववं लागणार होतं, म्हणून त्याने मला घेतलं.

मुलीला घरात सगळे टिकली म्हणायचे. खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या तिने माझ्या दिव्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे लागत नाहीत?" बाबा म्हणाले, "नुसतं चित्र आहे ते." तिचा चेहरा पडला. मला किती लाज वाटली म्हणून सांगू! पण टिकली मोठी गोड पोर. तिने वर्षभर मला खूप पळवलं. टेबलाच्या पायांना धडकवलं, पलंगाखाली अडकवलं, एकदा तर माझ्यावर कांदे लादून स्वयंपाकघरात पाठवलं. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग बाबा पडले.

व्हॅनमधून ब्रेडचे क्रेट उतरवताना ओल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि गुडघा मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून ते घरी आले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पाय बरा होईल, चालता येईल, पण क्लच दाबण्याइतका गुडघा पुन्हा वाकणार नाही. वीस वर्षं व्हॅन चालवलेला माणूस. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बेकरीवाले काका भेटायला आले. माणूस भला होता. "तीन महिने माझा भाचा गाडी काढेल," ते म्हणाले, "पण पुढे मला कायमचा माणूस बघावा लागेल. तुमच्या घरातलं कुणी असेल तर ब्रेड पोचवायची ही लाइन तुमचीच." काका गेले. घरातलं म्हणजे कोण? टिकली नऊ वर्षांची. उरली आई.

आता आईचं आणि गाडीचं काय होतं ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा बाबांनी तिला एकदा मैदानावर व्हॅन शिकवायला नेलं होतं. बाबा माणूस सोन्यासारखा, पण शिकवायला बसले की जमदग्नीच. पहिल्या दिवशी ओरडले, दुसऱ्या दिवशी जास्त ओरडले. आईने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि ती चालत घरी आली. त्यानंतर अकरा वर्षं तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मी शिकते," ती म्हणाली.

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं सुद्धा नाही. "तुला जमणार नाही गं."

"जमायला हवं ना," आई म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागली. दीड महिन्याने परीक्षा झाली. संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि पाणी प्यायला आत गेली. आतूनच म्हणाली, "नापास. साहेबांनी डावीकडे वळा म्हटलं, मी उजवा इंडिकेटर दिला. घाबरले, की सगळं उलटंपालटं होतं हो माझं."

"डावं-उजवं कळत नाही!" बाबा ओरडले. मग त्यांना वाईट वाटलं असावं, कारण रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी त्यांनी टिकलीला हाक मारली, "तुझी ती लाल गाडी आण. आणि माझी सोल्डरिंगची पेटी."

मित्रांनो, त्या आठ दिवसांबद्दल मी हसू की रडू? बाबांनी माझा टप काढला. सुई तापवून माझ्या चेहऱ्याला भोकं पाडली. दुखलं हो, खोटं कशाला बोलू! टिकली नाक्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून चिठ्ठीप्रमाणे सामान आणायची. पुढच्या दिव्यांसाठी दोन पांढरे एलईडी, मागे दोन लाल, आणि कोपऱ्यांत चार पिवळे, जे आपोआप मिचमिचतात. दिव्यांसाठी माझ्या पोटात दोन सेलचा वेगळा खण बसवला. बाबा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून मला मांडीवर घ्यायचे, केसाएवढ्या बारीक तारा एकेक करून जोडायचे. राळेचा धूर माझ्या नाकातोंडात जायचा. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच पलंगावर उठून बसले होते, त्यामुळे मी मुकाट्याने सगळं सोसलं.

रिमोटला इंडिकेटरचं बटण कुठून असणार? म्हणून त्यांनी माझ्या पाठीमागून तीन तारांची एक लांबलचक शेपटी काढली आणि तिच्या टोकाला छोटा खटका जोडला. खटका डावीकडे केला की डावे दिवे, उजवीकडे केला की उजवे, मधे ठेवला की बंद. तो खटका काळ्या चिकटपट्टीने रिमोटवर बसवला. शेपटीची गाडी! कुठल्या खोक्यावर असलं चित्र पाहिलंय कधी? पण भर दुपारी पडदे ओढून बाबांनी दिवे लावले, तेव्हा समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले. माझे! टिकलीने टाळ्या पिटल्या. मला पहिल्यांदा दिसलं असं म्हटलं तरी चालेल.

मग बाबांनी टिकलीला खडू दिला आणि पलंगावरून सांगून सांगून फरशीवर रस्ता काढून घेतला. त्यांची ब्रेडची रोजची लाइन होती ती. पलंगाच्या पायाशी बेकरी. तिथून सरळ, शिलाई मशीनपाशी हॉस्पिटलचं गेट. मग डावीकडे वळून कपाटाला वळसा घालून वसतिगृह, पुढे शाळेचं कँटीन, आणि परत. चपला म्हणजे रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्या. आई रिमोट घेऊन उभी राहिली. "आधी दिवा, मग वळण," बाबा म्हणाले. "चल, डावीकडे."

आईने खटका डावीकडे केला. माझे उजवे दिवे मिचमिचू लागले.

"उजवा लागला! डावा म्हटलं ना मी!"

आई दचकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मित्रांनो, मला सगळं कळत होतं. बाबांनी मला मांडीवर घेतलं होतं ते माझं तोंड स्वतःकडे करून. त्यांच्या डाव्या हाताला आली माझी उजवी बाजू. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि तारा उलट जोडून बसला! काम झाल्यावर तपासलं तेही माझं तोंड स्वतःकडे ठेवूनच, त्यामुळे त्यांना सगळं बरोबर वाटलं. मी ओरडून सांगणार तरी कशी? माझ्याकडे फक्त मिचमिचायची सोय होती.

आठवडाभर हेच चाललं. बाबा ओरडायचे आणि आई स्वतःच्या हाताकडे बघत राहायची. डावा कुठला ते विसरू नये म्हणून तिने केसांचं निळं रबर डाव्या मनगटात घातलं. भांडी घासताना पुटपुटायची, "रबराचा हात डावा, रबराचा हात डावा." एवढं करून माझा दिवा लागायचा तो चुकीचाच. पुढची परीक्षा दहा दिवसांवर आली, काकांचे तीन महिने संपत आले. एका दुपारी तिने रिमोट पलंगावर ठेवला. "अहो, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे. काकांना सांगून टाका, दुसरा माणूस बघा म्हणावं." ती रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं.

नेमकी त्याच वेळी माझी शेपटी पलंगाच्या पायात अडकली होती, आणि ती सोडवायला टिकली रांगत माझ्या मागे आली होती. तिने मागून माझा मिचमिचणारा उजवा दिवा पाहिला, मग पलंगावरच्या खटक्याकडे पाहिलं.

"बाबा, खटका तर डावीकडेच आहे. आई बरोबरच करतेय. गाडी चुकतेय."

गाडी चुकतेय! घ्या, म्हणजे आळ शेवटी माझ्यावरच आला. पण ते असो. बाबांनी मला वर मागितलं. खटका इकडे केला, तिकडे केला. मला उलटं धरलं, सुलटं धरलं. त्यांचे कान लाल झाले.

"गाडी नाही चुकत," ते हळूच म्हणाले. "मी चुकलो. तारा उलट जोडल्या मी. आठ दिवस तू बरोबर होतीस, आणि मी तुला..."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. 'मी चुकलो' हे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकले नसावेत. मग तिला जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. "वीस वर्षं!" ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. टिकली हसायला लागली, आणि शेवटी बाबाही हसले, प्लास्टर हलून दुखत होतं तरी हसले.

बाबांनी सोल्डरिंगची सळई तापवायला घेतली. "थांब, सगळ्या तारा काढून परत जोडतो."

"कशाला?" आईने चिकटपट्टी सोडवली, खटका उलटा फिरवला आणि परत चिकटवून टाकला. आता त्यावर छापलेली अक्षरं डोक्यावर उभी होती. तिने तो डावीकडे केला. माझे डावे दिवे लागले. "झालं की," ती म्हणाली. बाबांनी सळई बाजूला ठेवली, आणि त्या दिवसापासून त्यांचा आवाज कधी चढला नाही.

परीक्षेच्या दिवशी बाबा आणि मी घरी थांबलो. मी त्यांच्या मांडीवर होते आणि ते माझं एक चाक उगाच फिरवत होते. दार उघडलं. आई आत आली. तिने मनगटातलं निळं रबर काढलं आणि माझ्या एरियलच्या काडीत अडकवलं. आता त्याची गरज उरली नव्हती. बाबांनी डोळे पुसले, आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणाले.

पहिल्या खेपेला बाबा तिच्या शेजारी बसले, पाय लांब करून, मला मांडीवर घेऊन. खऱ्या रस्त्यावर खरं हॉस्पिटल आलं. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आईने आधी दिवा दिला, मग वळण घेतलं. परत येताना ती म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. एवढं गप्प बसायची सवय नाही मला." तिने वळून पाहिलं, तर बाबा झोपले होते. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते आयुष्यात कधी झोपले नव्हते. मित्रांनो, एवढं मोठं सर्टिफिकेट मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे आईने सोळा वर्षं ती लाइन चालवली. टिकली मोठी झाली, शिकायला बाहेर गेली. मला खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. सेल काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणाचा काही राग नाही, पण त्या सेलांना पाझर फुटला आणि त्या पाण्याने माझ्या पोटातल्या स्प्रिंगा खाल्ल्या. अंधारात पडल्या पडल्या मी घरातले आवाज ऐकत असे. बाबांच्या काठीचा आवाज यायचा. एका वर्षी तो यायचा थांबला.

मागच्या महिन्यात टिकलीने मला खाली काढलं. ती आता यंत्रं दुरुस्त करते, आणि हात अगदी बाबांसारखा. तिने पोट साफ केलं, नव्या स्प्रिंगा बसवल्या, टप काढून आतल्या तारांकडे बराच वेळ पाहिलं. मग रिमोट हातात घेतला आणि म्हणाली, "आई, हा खटका अजून उलटाच आहे. आतल्या तारा बदलून सरळ करून देते. दोन मिनिटांचं काम."

"हात लावू नकोस त्याला!"

टिकली दचकली. आई जवळ येऊन बसली. "त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, चुकते ती मीच. या तारा उलट निघाल्या आणि माझी भीती गेली. त्यांच्या हातच्या आहेत त्या. राहू देत."

टिकलीने टप परत बसवला. आईने रिमोट घेतला आणि पलंगाच्या पायापासून मला सोडलं. फरशी स्वच्छ होती, खडूची रेघसुद्धा नव्हती. मी सरळ गेले. शिलाई मशीन आता तिथे नव्हतं, तरी त्या जागी तिने खटका डावीकडे केला, माझे दिवे मिचमिचले आणि मी वळले.

"अगं, इथे कुठे वळतेस?" टिकलीने विचारलं.

"हॉस्पिटलचं गेट आहे ना."

कपाटाला वळसा, वसतिगृह, कँटीन, आणि परत. एकही वळण चुकलं नाही. शेवटी तिने मला पलंगाच्या पायाशी, बाबा बसायचे तिकडे तोंड करून उभं केलं. माझ्या पुढच्या दिव्यांचा उजेड त्या रिकाम्या जागेवर पडला होता.

मग तिने मला उचललं, पोटाचं झाकण उघडलं आणि सेल काढून बाजूला ठेवले. मित्रांनो, तुम्हीही तेवढं करत जा.