राखीव गोलकीपर

जर्सीचा हिरवा रंग खांद्यांवर उडाला होता. कोपरांवर मात्र तो कोरा होता. दोरीवरचे कपडे काढताना केरबाच्या हे नेहमी लक्षात यायचे. खेळणाऱ्या गोलकीपरची जर्सी आधी कोपरांवर विरते. त्याच्या मुलाची, विश्वजितची, बाकावर उन्हात बसून विटली होती.

विश्वजित बत्तिशीला आला होता. दूध संघात नोकरी करायचा आणि मिसरूड फुटल्यापासून मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात राखीव गोलकीपर होता. पहिला गोलकीपर सयाजी चांगला खेळायचा, आणि त्याला कधी दुखापत होत नसे. यात कुणाची चूक नव्हती.

केरबा त्याच तालमीचा जुना फुलबॅक. गुडघे गेले, पण संध्याकाळची कट्ट्यावरची जागा राहिली होती. पेठ सोडून दुसऱ्या पेठेकडून खेळणाऱ्याला, त्याच्या घरच्यांनाही, त्या कट्ट्यावर कुणी रामराम घालत नसे. मागे पिराजी तसा गेला होता. त्याच्या लग्नाला कट्ट्यावरचे कुणी गेले नाही; केरबाही नाही.

दुसऱ्या पेठेच्या संघाचा गुंडू दर हंगामाआधी यायचा, विश्वजितला मागायचा. केरबा म्हणायचा, "बघू की." मग ती गोष्ट वर्षभर घरात तशीच पडून राहायची. विश्वजितने कधी विषय काढला नाही.

गेल्या थंडीत सकाळी फिरायला निघालेला केरबा मैदानाच्या कडेला थांबला होता. विश्वजित एकटाच होता. चेंडू मारायला कुणी नव्हते, म्हणून तो भिंतीवर चेंडू आपटायचा आणि परत येईल तिकडे झेप घ्यायचा. पडला की उठायचा, हाताची माती झटकायचा, पुन्हा आपटायचा. डावीकडची झेप उजवीइतकीच लांब होती. असा गोलकीपर पाठीशी असता तर आपल्याला उभ्या जन्मात निम्मेच धावावे लागले असते, असे केरबाला वाटले. हाक न मारताच तो घरी परतला.

"डावीकडं ब्येस उडतंय पोरगं," तो बाळाबाईला म्हणाला.

"मग दावायचं कुणाला उडून? भिंतीला?" बायको म्हणाली.

यंदा, अठ्ठ्याण्णव साली, गुंडू आला तेव्हा विश्वजित सरावाहून येऊन उंबऱ्यापाशी बसला होता, बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोडवत.

"या पावणं," केरबा म्हणाला.

"पावणा कसला? दोन गल्ल्या वलांडल्या की माझं घर. वैनी, चा हाय का?"

"चा हाय, पोरगं न्हाय," आतून बाळाबाई म्हणाली. "दरसाली तेवढंच मिळतंय की तुम्हास्नी."

गुंडू हसला, मग गंभीर झाला. "केरबादा, आमचा गोलकीपर गुडघ्यानं बसला. विशा आला तर पहिल्या मॅचपासनं उभा करतो. न्हायतर दुसरा बघायला लागंल. आन् पुढच्या साली मी काय येणार न्हाय. बत्तिशीच्या पुढं कोण घेतंय नवा माणूस?"

केरबाने मुलाकडे पाहिले. "तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही म्हणशीला तसं, आबा."

आवाजात तक्रार नव्हती, आशाही नव्हती. पोरगे चिडले असते तर केरबाला सोपे गेले असते.

चहा आला आणि निवून गेला. केरबाला उद्याचा कट्टा दिसत होता. कोण सरकून जागा देणार नाही, कोण दुसरीकडे बघेल, हे त्याला चेहऱ्यांसकट ठाऊक होते. या वयात संध्याकाळी जायचे तरी कुठे?

"आता बघू म्हणू नगासा," बाळाबाई हळूच म्हणाली.

भिंतीचा आधार घेत केरबा उठला. रस्त्याकडची खिडकी उघडी होती आणि समोरच्या ओट्यावर तालमीतले शेजारी बसले होते. त्याने आवाज उतरवला नाही.

"विशा, यंदा तू ह्यांच्याकडनं खेळायचंस," तो म्हणाला. "आन् आपल्या तालमीसंगं मॅच पडली, तर एक बी गोल सोडायचा न्हाय."