सव्वासातची आंघोळ

“ताई, दोन मिनिटं गप राहा. भिंतीचं ऐकू द्या.”

प्लंबर ज्युलियसने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. सुरुचीने मीराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दहा महिन्यांची पोर, पण छातीत अशी घरघर की शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू यावी. “घरात ओल आहे का?” असं डॉक्टरांनी विचारल्यापासून मीराच्या पलंगामागची ही भिंत सुरुचीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“ऐकायचंय काय त्यात?” ती म्हणाली. “सव्वासात झाले. वर टीचरची आंघोळ सुरू झाली असणार. बघा आता, पंधरा मिनिटांत पाझर फुटतो की नाही.”

“आंघोळ चालू झाली ते तुम्हाला काय माहीत?”

सुरुचीने वही पुढे केली. संख्याशास्त्राची पदवी तिची. लग्नानंतर ती फक्त या वहीच्याच कामी आली होती. एका रकान्यात टीचरच्या आंघोळीची वेळ, दुसऱ्यात भिंत ओली झाल्याची. महिनोन्‌महिने, एक दिवस चुकला नव्हता.

ज्युलियसने वही लांबूनच पाहिली. “शाळेतली वाटते,” म्हणाला.

उर्सुला टीचर मूळच्या भुईगावच्या. तिथल्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, निवृत्त झाल्यावर मनवेलपाड्याच्या या बिल्डिंगमध्ये, सुरुचीच्या बरोबर वर राहायला आल्या. एकट्याच. सुरुचीच्या तक्रारीवरून त्यांनी बाथरूम दोनदा फोडून नवं केलं, तरी भिंत ओलीच. मग सोसायटीच्या सभेत सुरुची मीराला खांद्यावर टाकून उभी राहिली, वही वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाली, “तुमच्या आंघोळीचं पाणी माझ्या मुलीच्या छातीत साचतंय!” टीचर उठून म्हणाल्या, “ठीक आहे. उद्यापासून मी बाथरूम वापरणार नाही.”

तरी ओल थांबली नाही. शिवाय रोज सकाळी वरून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, तो सुरुची मोजायची. म्हातारी खोटं बोलते, हे तिच्या दृष्टीने सिद्ध झालं होतं.

“चला वर,” ती म्हणाली. “आज समोरासमोरच होऊन जाऊ दे.”

दार उघडायला टीचरना वेळ लागला. गाऊनच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ज्युलियसने चपला काढल्या आणि उगाचच ताठ उभा राहिला. त्याची बाराखडी याच बाईंनी घोटून घेतली होती.

“टीचर, तुमचं बाथरूम बघायचं होतं. खाली पानी उतरतं.”

“पाणी, ज्युलियस,” त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. “बघ.”

सुरुची त्याच्याही आधी आत शिरली आणि दिवा लावला.

नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. खिडकीतली साबणाची वडी सुकून तडकली होती. पाणी जायच्या जाळीवर कोळ्याने घर केलं होतं. लादीवर धुळीचा थर होता आणि त्यात पावलं उमटली होती, ती फक्त सुरुचीची, आत्ताची.

“हे तर कधीचं सुकलंय,” ज्युलियस म्हणाला.

“तीन महिने,” टीचर म्हणाल्या. “सभेत सांगितलं होतं ना.”

“पण मग…” सुरुचीने नळावरचं फडकं चाचपून पाहिलं. “मग आंघोळ?”

टीचरनी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकचा निळा टब होता. मीराच्या आंघोळीचा होता तसाच, बदकाचं चित्र असलेला. त्यात गढूळ पाणी आणि शेजारी मग.

“त्यात बसते. पाय बाहेर राहतात, पण जमतं. नंतर ते पाणी मगाने नेऊन पलीकडे संडासात ओतायचं. भरलेला टब उचलवत नाही ना मला. अठरा-वीस खेपा होतात.” मग जरा थांबून, “जमिनीवर सांडू देत नाही. मुलगी आजारी आहे तुझी.”

सुरुचीला वहीतला तिसरा रकाना आठवला. ‘पाणी ओतल्याचे आवाज: एकोणीस.’ खाली लाल शाईने: ‘अजूनही वापरतात!’ बाहेर येऊन तिने जिन्याच्या कठड्याला एका हाताने घट्ट धरलं. मीरा खोकली, तेव्हा कुठे ती खाली उतरू लागली.

टीचरही मागून एकेक पायरी उतरत आल्या. “मलाही पाहू दे,” म्हणाल्या, “मी इतके दिवस काय भिजवलं ते.”

भिंत भिजली होती. पलंगाच्या वर, हातभर रुंद, ताजी, चकाकती ओल.

“वरची मोरी कोरडी, आणि भिंत ओली,” ज्युलियस पुटपुटला. “ताई, सव्वासातला अजून काय होतं?”

“काही नाही.”

“टाकीचा कॉक वॉचमन कधी सोडतो?”

सुरुचीने मनात वेळा मांडल्या. सात ते आठ. संध्याकाळी सहा ते सात. पाणी तेव्हाच येतं, म्हणून अख्खी बिल्डिंग तेव्हाच आंघोळ करते. टीचरही, ती स्वतःही. दोन रकाने तिने न चुकता भरले; मधला, पाणी सुटायच्या वेळेचा, आखायचं तिला सुचलंच नव्हतं.

“तुमच्याच बाथरूमची लाईन ह्या भिंतीतून जाते,” ज्युलियस म्हणाला. त्याचा हात चाचपत मच्छरदाणीच्या दोरीपाशी थांबला. “हा स्क्रू कोणी मारला?”

“सिद्धेशने, माझ्या नवऱ्याने,” ती म्हणाली. मग तिलाच ते खोटं वाटलं. “म्हणजे ड्रिल त्याने धरलं. जागा मी दाखवली. माहेरून मीराला घेऊन आले ना, तेव्हा डेंग्यूची साथ होती. मी म्हटलं, अजून वर, अजून वर…”

ज्युलियसने स्क्रू फिरवला. दोन वेढे, तीन. गंजकी पिवळी धार भिंतीतून सुटली ती थेट पलंगावर, मीराच्या उशीवर. त्याने अंगठ्याने भोक दाबलं. “कॉक बंद करा, ताई!”

ती बाथरूमकडे धावली. कॉक फिरवून परत आली, तर ज्युलियस ओलाचिंब आणि टीचर उशी उचलून निथळवत होत्या.

“स्क्रूनेच बूच मारलं होतं,” ज्युलियस म्हणाला. “गंजत गेला तसं झिरपलं. पानी भिंतीत वर पण चढतं.” त्याने टीचरकडे पाहिलं. “पाणी.”

“टीपकागदासारखं,” टीचर म्हणाल्या.

“टीचर, तुम्ही सांगायचं ना!” सुरुची एकदम बोलली. “भांडायचं ना माझ्याशी! माझं पाणी नाही म्हणायचं!”

“दोनदा म्हटलं होतं. तू वही उघडलीस.” टीचरनी उशी तिच्या हातात दिली. “तारखा बाकी नीट घातल्या होत्यास.”

त्या वर निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत ज्युलियसने पाईपचा तुकडा बदलला. भिंत दोन दिवस फोडलेलीच राहू द्या, जोड धरतो का बघू, असं सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता कॉक सुटला. सुरुची मीराला घेऊन भिंतीतल्या त्या खळग्यापुढे बसून होती. सव्वासातला वर बाथरूमचा नळ खोकला, हवा सुटली, नंतर मग आपटला. पाणी पडलं. तिने मोजलं नाही.

पावणेआठला बेल वाजली. दारात टीचर. चर्चमध्ये मिस्साला निघालेल्या, इस्त्रीची साडी, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्या सरळ आत गेल्या, पलंगाला वळसा घालून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि खळग्यात बोट घालून जोडाभोवती सावकाश फिरवलं. मग ते बोट सुरुचीपुढे धरलं.

“बघ. कोरडं आहे?”

“हो, टीचर.”

“लिही.”

त्या गेल्या. पंच्यातून गळलेले थेंब पलंगापासून दारापर्यंत लादीवर पडले होते. ओल दिसली की फडकं घेऊन धावणारी सुरुची मीराला छातीशी धरून तशीच उभी राहिली, ते आपोआप सुकेपर्यंत.