फ्रिकोच्या जेवणातले वाडगे

टक्. भिंतीकडेचा हीटर तापता तापता वाजला आणि खांद्यावर नुकताच डोळा लागलेलं बाळ दचकलं. ओदीलने श्वास रोखला. बाळाने ओठ हलवले, मान वळवली, पुन्हा झोपलं. घर परत शांत झालं. ओदीलची झोप मात्र केव्हाच उडाली होती. आज संध्याकाळी शाळेत फ्रिकोचं जेवण, आणि त्याच जेवणाला मादाम गोगेन येणार होत्या.

शेवंडीच्या मोसमासाठी बोटी निघायच्या, त्याच्या आधीच्या शनिवारी सगळं प्वांत-सार्सेल गाव शाळेत जेवतं. फ्रिको म्हणजे कोंबडीचा रस्सा, त्यात बटाटे, वर तरंगणारे पिठाचे गोळे. गेल्या वर्षी मादाम गोगेन याच दिवशी आल्या होत्या, शाळेला 'हरित शाळा' म्हणून मान्यता द्यायची की नाही ते बघायला. मुलांनी त्यांना खत, रोपं, वर्गावर्गातले दिवे विझवणारे पहारेकरी, सगळं मिरवून दाखवलं. मग त्या बाहेर पडल्या, आणि समोर जेवून टाकलेल्या फोमच्या वाडग्यांचा ढीग! निम्मे तर वाऱ्याने खाडीत नेले होते.

"मुलांनी खूप केलंय," त्या म्हणाल्या. "पण शाळा म्हणजे नुसती मुलं नव्हेत."

मान्यता हुकली. ओदीलची लेक झेली तेव्हा सहा वर्षांची होती. ती रडली नाही. घरी येऊन बुटांसकट पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. ते ओदीलला सहन झालं नव्हतं. म्हणून तर कडेवर तान्हं असताना तिने पालकांच्या बाजूचं काम अंगावर घेतलं.

खरं सांगायचं तर त्या नकारानेच शाळा हलली. पोरांनी एका दिवसाचा कचरा व्यायामाच्या हॉलमध्ये ताडपत्रीवर पसरला. त्यात तोंडही न लावलेली सँडविचं निघाली, तेव्हा आयाच लाजल्या. खेळायची सुट्टी जेवणानंतर होती ती आधी घेतली, मुलं भुकेली येऊ लागली, डबे रिकामे जाऊ लागले. ऐन जानेवारीच्या थंडीत बॉयलरने वर्ग इतके तापत की खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. वर्षानुवर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पोरांनी भिंतीवर तापमापक लावले, रोज आकडे वाचून दाखवले, आणि शेवटी बॉयलर दुरुस्त झाला. दरवर्षी कुणीतरी येऊन बघणार, या धाकात एवढी ताकद असते हे ओदीलला नव्यानेच कळलं.

उरले होते फक्त वाडगे. आणि वाडगे म्हणजे लेओंतिनबाईंचं राज्य.

लेओंतिनबाई ओदीलच्या सासूबाई. मुलं झाल्यापासून ओदीलही त्यांना मेमेर, म्हणजे आजीच म्हणे, झेलीसारखी. फ्रिकोचं पातेलं त्यांच्याशिवाय कुणी ढवळत नसे.

"पाहुण्याला सांगायचं, येताना आपलं भांडं घेऊन ये?" त्या कडाडल्या होत्या. "उद्या खुर्ची पण आणायला सांगशील, पोरी!"

"मेमेर, एकदाच करून बघू या."

"माझ्या सासूने असं ऐकलं असतं तर कबरीतून उठून आली असती."

तरी ओदीलने घरोघरी निरोप धाडला: 'येताना घरून वाडगा आणा.'

संध्याकाळी हॉलचं दार उघडलं आणि माणसं येऊ लागली. ओदील बाळाला झोळीत बांधून दारात उभी. पहिल्या बाईच्या हातात वाडगा होता. वाडग्यात घेवड्याची उसळ. दुसरीच्या वाडग्यात कोबीची कोशिंबीर. तिसऱ्याने तर भलंमोठं भांडं भरून किसलेल्या बटाट्याचं पुटीन आणलं होतं, वाफाळतं. ओदीलला हसावं की रडावं कळेना. या गावात आजवर रिकामं भांडं घेऊन कुणी कुणाच्या दारात गेलेलं नाही. तिचा निरोप ज्याने त्याने आपल्या संस्कारांप्रमाणे वाचला होता. हॉलभर खायला उदंड, आणि खायला कशात, ते नाही!

मादाम गोगेन एका कोपऱ्यात मुलांच्या घोळक्यात उभ्या होत्या. सगळं बघत होत्या.

"सांगितलं होतं मी," लेओंतिनबाई डाव हातात घेऊन जवळ आल्या. आवाज हळू, पण डोळ्यांत विजय. "माझ्या गाडीत आहेत फोमचे. आणू?"

माणसं रांगेत ताटकळली होती. ओदीलच्या ओठांवर 'आणा' आलंही होतं. तेवढ्यात झेली मध्ये आली.

"मेमेर, मागच्या वेळचे आम्ही किनाऱ्यावरून उचलले. सुट्टीत. एक बदकाच्या घरट्यात होता. अंड्यांच्या खाली." तिने हातांनी घरटं करून दाखवलं. तक्रार नव्हती. नुसती बातमी.

लेओंतिनबाईंनी नातीकडे पाहिलं. मग डावाकडे. मग डाव ओदीलच्या हातात कोंबला.

"ढवळत राहा. खाली लागलं तर याद राख." आणि पुरुषांकडे वळून, "ए, खिशात हात घालून उभे काय? चला माझ्याबरोबर चर्चच्या तळघरात!"

गावात कुणी गेलं की त्या घरी चार दिवस शेजारपाजारचं जेवण जातं, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. सगळीच भांडी परत जात नाहीत. मालकीण गाव सोडते, विसरते, कधी स्वतःच जाते. ती बेवारस भांडी लेओंतिनबाईंनी धुऊन-पुसून तळघराच्या कपाटात जपून ठेवली होती, हे ओदीलला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पेट्यांवर पेट्या आल्या. निळ्या काठाचे, फुलांचे, कपच्या उडालेले वाडगे.

मग काय विचारता! जो तो वाडगा उलटा करून नाव वाचू लागला.

"मला अल्मा आली! म्हणजे मीठ कमी."

"माझा तर पोस्टातल्या बाईंचा. उशिराच भरणार!"

रस्सा वाढला गेला. कचऱ्याचा डबा कोपऱ्यात मोकळाच राहिला, आणि पुरुष बाह्या सारून मोरीशी उभे राहिले. मादाम गोगेन फुलांच्या वाडग्यातला शेवटचा गोळा खाऊन उठल्या.

"ही पद्धत कुणी बसवली, बाई?"

"पद्धत कसली," लेओंतिनबाई म्हणाल्या. "भांडी होतीच. कपाट सोमवारी शाळेत आणायचं, पोरं सांभाळतील." मग ओदीलच्या खांद्यावर हात ठेवून, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि हे सगळं माझ्या सुनेने काढलंय, लिहून घ्या."

मादाम गोगेन हसल्या. "या वर्षी मान्यता मिळाली म्हणून समजा. पण मी पुढच्या वर्षीही येणार आहे."

"या! वाडगा आम्ही देऊ!" पोरं ओरडली, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. झोळीतलं बाळही उठलं. ओदीलने ते छातीशी धरलं आणि डोळे पुसायचेही कष्ट घेतले नाहीत.

झेली मात्र टेबलाशीच होती. वाडगा बोटाने चाटूनपुसून तिने उलटा केला होता आणि पुसट अक्षरं जुळवत होती.

"अल्-बेर्-तिन. मामाँ, ही कोण?" तिने आईला विचारलं.

"मेमेरची मैत्रीण होती. तू जन्मायच्या आधी गेली."

झेलीने वाडगा दोन्ही हातांत धरला.

"मग आता ती कशात जेवते?"