गेला म्हणजे कुठे

काकांना ‘काका’ म्हणायचं आणि तरीही त्यांना काही कळू द्यायचं नाही, हे जमेल असं तिला वाटत होतं. कारण त्या शहरात त्यांना सगळेच काका म्हणत. मीटरकाका. बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले तरी पाय ऐकेनात, म्हणून लोकांना शहर पायी दाखवायला लागले. नेटवर त्यांची छोटीशी जाहिरात होती. ‘शहर पायी दाखवतो. एका वेळी एकच माणूस. चालायच्या चपला घालून या.’ खाली आडनाव आणि फोटो. आडनाव तिचंच होतं, आणि फोटोतले कान तिच्या बाबांचे होते.

बाबांना जाऊन महिना झाला होता. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी त्यांनी तिला उशाशी बसवलं, आणि जन्मभर ज्याच्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं त्या थोरल्या भावाबद्दल बोलले. “दादा असेल अजून. त्याला गाठ. आधी नुसता बघ. माझ्याबद्दल राग दिसला तर ओळख देऊ नकोस, तशीच मागे फीर. नाही दिसला तर एवढंच विचार, आई माझ्यामुळे गेली का?” मग उशीखालून एक जुनं पोस्टकार्ड काढून त्यांनी तिच्या हातात ठेवलं.

ते कार्ड आता तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. फेरी ठरवताना तिने आईचं माहेरचं आडनाव सांगितलं होतं. सकाळचे आठ वाजले होते आणि घड्याळाच्या चौकात, बसस्टँडच्या समोर, ती उभी होती.

काका वेळेवर आले. अंगाने वाळलेले, खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात टॉर्च.

“टॉर्च कशाला, काका? दिवस आहे.”

“सवय. मीटर नेहमी अंधारातच बसवतात. कोणी आकडा वाचेल की काय अशी भीती असते त्यांना.” ते हसले. बाबा असेच हसायचे, आवाज न करता, नुसते खांदे हलवून. तिने मान फिरवली आणि घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं.

“ते सात मिनिटं मागे आहे,” काका म्हणाले. “दुरुस्त करू देत नाहीत लोक. सगळ्यांनी आपापल्या उशिराचा हिशेब त्यावर बसवलाय.”

चौकातला पेपरवाला गठ्ठे सोडता सोडता ओरडला, “मीटरकाका, तुमचा दोस्त गेला.”

“कुठे?”

“न्हाव्याकडे.”

“मग तेवढं धरून बोल ना. जीभ झिजते का?”

पेपरवाला तिच्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, “बघा ताई, रोज एकदा तरी असं केल्याशिवाय माझे पेपर खपत नाहीत. यांच्यासमोर नुसतं ‘गेला’ म्हणायची सोय नाही. कुठे गेला, कशाने गेला, परत कधी येणार, सगळं सांगावं लागतं.”

“अर्धं वाक्य बोलू नये माणसाने,” काका म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. “चला.”

ते चालायला लागले. काकांची शहर दाखवायची रीतच वेगळी होती. कुठली इमारत कोणी बांधली हे त्यांना विचारलं तर ते सरळ ‘माहीत नाही’ म्हणत. पण कुठल्या जिन्याखाली मांजर व्यालं होतं, कुठल्या घरात म्हातारा-म्हातारी एका दिव्यात भागवत आणि त्यांच्या मीटरचं चाक कसं रांगत फिरे, कुठल्या बाईने नवरा वारल्यावर महिनाभर सगळ्या खोल्यांतले दिवे जळत ठेवले, हे ते असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, देवानेच या माणसाला जिन्याखाली बसवून माणसांकडे बघायला सांगितलंय.

“त्या बाईला बिल भरमसाट आलं,” काका म्हणाले. “मी विचारलं, ‘वहिनी, एवढे दिवे कशाला?’ म्हणाल्या, ‘अंधारात त्यांना घर सापडायचं नाही.’ मी काय बोलणार? आकडा लिहिला आणि खाली उतरलो.”

ती हसली नाही आणि रडलीही नाही. तिच्या आईनेही महिनाभर पडवीतला दिवा मालवलेला नव्हता.

दोन गल्ल्या ओलांडून ते एका लांबलचक पिवळ्या भिंतीपाशी आले. जुनं इस्पितळ. मागच्या फाटकाला गंजकं कुलूप होतं. काका तिथे थांबले, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

“इथून पुढे मी सगळ्यांना एकाच वाटेने नेतो,” ते म्हणाले. “लोकांना वाटतं शहर दाखवतोय. खरं सांगायचं तर शहर वाटेत येतं म्हणून दिसतं. मी एका दिवसाची वाट चालतो. तुम्हाला कंटाळा आला तर सांगा.”

“नाही येणार,” ती म्हणाली.

“माझा धाकटा भाऊ इथे होता. कावीळ. पंधरा दिवस. चोवीस वर्षांचा होता, लांबच्या गावी नोकरी लागली होती, आणि आई जाऊ देत नव्हती. त्या भांडणातच आजारी पडला. आईला पायऱ्या चढवत नसत, मीच डबा घेऊन यायचो. ती रोज विचारायची, ‘आज कसा आहे?’ मी सांगायचो, ‘बरा आहे.’ आणि तिला वाटायचं मी खोटं बोलतोय.”

ती फाटकाच्या गजांमधून आत बघत राहिली. आत नुसतं गवत वाढलं होतं.

“सोळाव्या दिवशी त्याला सोडलं. याच फाटकातून बाहेर आलो. तो म्हणाला, ‘दादा, घरी नाही येत. उद्या कामावर हजर व्हायचंय. आईसमोर उभा राहिलो तर पाय निघायचा नाही.’ मी त्याला इथून स्टँडवर नेलं.”

ते चालत निघाले. काका बाराव्या की तेराव्या खांबाशी वळले, एक बोळ, मग स्टँडची मागची बाजू. फलाट तीन. काकांनी खांबाला हात लावला. तिथे रंग झिजून गुळगुळीत झाला होता. किती माणसांना घेऊन ते इथे आले असतील कोण जाणे.

“गाडीत चढताना म्हणाला, ‘दादा, जातो.’ मी म्हटलं, ‘अरे, येतो म्हण.’ तर म्हणाला, ‘नाही दादा, खोटं कशाला बोलू? जातो.’ फार खरं बोलायचा तो. लहानपणापासून. त्यापायी मारही फार खाल्लाय, माझ्या वाटचाही.”

“तुम्हाला राग नाही आला?” तिने विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

“त्याचा?” काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भलत्याच भाषेत काही विचारलं होतं. “छे हो. त्याचा कसला राग?”

झालं. बाबांनी घातलेली अट पुरी झाली होती. आता पर्स उघडायची, कार्ड काढायचं. पण तिचा हात पर्सच्या चेनवरच राहिला. एकदा बोललं की हा माणूस, जो आत्ता भावाबद्दल बोलताना चोवीस वर्षांचा पोरगा डोळ्यांपुढे धरून उभा होता, त्या पोराला कायमचा गमावणार होता. अजून थोडं चालू दे, असं तिने स्वतःला सांगितलं. नुसतं पुढच्या वळणापर्यंत.

पुढच्या वळणावर ते घर होतं. दुमजली, साधं, खाली आता चष्म्यांचं दुकान. जिन्याखाली विजेच्या मीटरची लाकडी पेटी. काकांनी टॉर्च काढून पेटीत मारला, ओठांत आकडा पुटपुटला आणि टॉर्च बंद केला.

“वर आमची खोली होती. खिडकीशी आईचं मशीन. शिंप्याकडचे शर्ट आणून काजं-बटणं करायची. देवाचं नाव घेत पाय चालवायची, त्यामुळे ती नाव घेतेय की मशीन घेतंय कळायचं नाही. त्या दिवशी मी वर गेलो. एकटा. तिने मशीन चालू ठेवूनच विचारलं, ‘तो कुठाय?’”

काका दोन पायऱ्या चढून थांबले. जिन्याच्या कठड्यावरची धूळ त्यांनी बोटाने पुसली.

“मी म्हटलं, ‘गेला.’”

तिला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

“इस्पितळातून मी एकटा परत आलो होतो,” काका म्हणाले. “तोंड उतरलेलं. आणि म्हटलं, गेला. एवढंच. ‘गाडीने गेला’ म्हणायला किती वेळ लागतो? पण मला त्याचं जाणंच गिळवत नव्हतं हो, शब्द पुढे सरकेचना. मशीन थांबलं. ती उठली नाही, ओरडली नाही. मशीनवर डोकं टेकलं, तेवढंच. मी धावलो. तिचं अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. तीन दिवस मी तिच्या कानाशी बसून सांगत होतो, ‘आई, तो जिवंत आहे, नोकरीवर गेलाय, बरा आहे.’ ऐकलं की नाही, तो पांडुरंगच जाणे. तिसऱ्या दिवशी पहाटे ती...” काकांनी श्वास घेतला आणि वाक्य पूर्ण केलं. “ती वारली. माझ्या अर्ध्या वाक्याने वारली.”

शेजारी चष्म्यांच्या दुकानाचं शटर कोणीतरी सरकवलं.

“भावाला कळवलंत?”

“त्याचा पत्ता यायला दोन महिने गेले. कार्ड लिहायला घेतलं. खरं काय झालं ते लिहायचं होतं. तीन कार्डं फाडली. चौथ्यावर जे उतरलं ते टाकलं. उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. आई मारणाऱ्याला कोण उत्तर लिहील? मी समजलो.”

आता मात्र तिला राहवेना. तिने पर्स उघडली आणि ते कार्ड काढून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, उजेडात ठेवलं. काकांनी खिशातून चष्मा काढला. कार्डावर दोनच ओळी होत्या. ‘आई गेली. तू गेलास त्यानंतर 3 दिवसांनी.’ आणि तो इंग्रजी तीन मीटरवाल्यांचा होता, वर सपाट रेघ असलेला, कोणी आठ समजू नये म्हणून.

काका किती तरी वेळ त्या तीनकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळ, डोळे, आणि मग कान.

“काका,” ती म्हणाली, आणि सकाळपासून वीस वेळा उच्चारलेला तोच शब्द या वेळी वेगळाच ऐकू आला, “मी त्यांची मुलगी.” पुढचंही एका दमात सांगून टाकावं म्हणून ती घाईने म्हणाली, “बाबा गेले.”

“कुठे?” काकांनी विचारलं.

बत्तीस वर्षं मीटर वाचताना आणि त्यानंतरही, रोज, पेपरवाल्याला, चहावालीला, ज्याला त्याला विचारून विचारून जिभेवर बसलेला तो प्रश्न होता. तो आपोआप आला. आणि येताना त्यांचा सगळा चेहरा उजळला. “कुठे? स्टँडवर थांबलाय? वेडा आहे का, इथपर्यंत येऊन पुढे नाही आला? तोंड दाखवायला लाजतोय होय?” ते एक पायरी उतरलेसुद्धा.

आणि ती मुलगी त्या जिन्यात उभी राहिली, तशीच, जसा अडतीस वर्षांपूर्वी वरच्या खोलीत तिचा काका उभा होता. उलटी चूक झाली होती. तेव्हा निघून गेलेला माणूस मेला असं ऐकलं गेलं, आता मेलेला निघून गेला असं. हो म्हटलं असतं तर? कुठेतरी लांब आहेत, येतील कधीतरी, असं म्हटलं असतं तर? म्हातारा उरलेली वर्षं आनंदाने स्टँडवर घालवेल. देवा, काय गोड मोह होता तो. पण सकाळीच या माणसाने तिला सांगितलं होतं, अर्धं वाक्य बोलू नये.

“काका, बाबा वारले,” ती म्हणाली. “महिना झाला. घरीच. पहाटे, झोपेत.”

काका उतरलेली पायरी परत चढले. मग तिथेच पायरीवर बसले. ती शेजारी बसली.

“त्रास झाला का त्याला?”

“शेवटी नाही.”

“खात होता?”

“थोडं. भात.”

काकांनी मान हलवली, जणू एवढं कळलं म्हणजे बरंच झालं. मग तिने तो प्रश्न सांगितला, जसा बाबांनी विचारला होता तसाच, शब्दही न बदलता. आई माझ्यामुळे गेली का?

काकांनी कार्ड पुन्हा उचललं. “तू गेलास त्यानंतर,” त्यांनी हळू वाचलं. “असं वाचलं होय त्याने.” आणखी एकदा वाचलं. “मी ते त्याला नव्हतं रे बाबा लिहिलं. माझ्या त्या ‘गेला’चा दोष मी मला लिहिला होता.” हे ते तिला म्हणत नव्हते.

ते रडले तेव्हा आवाज झाला नाही, नुसते खांदे हलले. तिला क्षणभर वाटलं, हसताहेत.

पुष्कळ वेळाने ते उठले. म्हणाले, “तुझी गाडी किती वाजता?”

“साडेबाराची.”

“मग चल. सोडतो.” आणि जिना उतरताना, “चप्पल नीट घाल पोरी, पट्टा निघालाय.” सकाळपासून ती ‘तुम्ही’ होती.

फलाट तीनवर त्यांनी तिला खिडकीची जागा बघून दिली, पिशवीतली पाण्याची बाटली दिली, आणि कार्ड परत करू लागले. तिने ते घेतलं नाही. गाडीचं इंजिन सुरू झालं.

“येते, काका.”

“कधी?”

तिला वाटलं होतं तेवढंच पुरेल. पण ते खिडकीच्या गजाला धरून उभे होते, वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत.

“पुढच्या महिन्यात. पहिल्या रविवारी. सकाळच्या गाडीने. आईला घेऊन.”

त्यांनी ओठांत ते सगळं एकदा पुटपुटलं, मीटरचा आकडा पुटपुटावा तसं.

गाडी चौकातून वळली. मागे घड्याळ सात मिनिटं मागेच होतं. खिडकीतून तिला पेपरवाल्याचा आवाज आला, नेहमीसारखा टोचणारा, “काय मीटरकाका, गेल्या का पाहुण्या?”

तिने कान लावले. रोजचं ‘कुठे?’ आलं नाही. वाकून मागे बघितलं तर गाडीमागोमाग आलेले काका चौकात उभे होते, कार्ड शर्टाच्या खिशात टॉर्चशेजारी सरळ बसवत, आणि त्यांनी पेपरवाल्याकडे बघून नुसती मान हलवली.