एकेचाळीस नंबरचा गुडघा

हेडबाई शाळेत गेल्या त्या तिसरीपर्यंतच, पण गल्लीनं हे नाव उगीच दिलं नव्हतं. शिंप्याची शिवण असो की शेजारणीची होणारी सून, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही पास होत नसे. दोन वर्षांमागे उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आणि गच्चीचा जिना बंद झाला. वर कोण बाहीलाच चिमटा लावतंय, कोण न झटकता वाळत घालतंय, काही कळेना. राज्य गेलेल्या माणसाला घास गोड लागतो का?

डॉक्टरांनी तोड काढली. गुडघ्यातलाच चिमूटभर तुकडा काढायचा, कारखान्यात त्याच्या पेशी वाढवायच्या आणि तयार झालेलं ठिगळ परत गुडघ्यात बसवायचं. आपल्याच कापडाचं ठिगळ म्हटल्यावर बाईंना पटलं. पाच आठवड्यांनी निरोप आला, माल तपासणीत नापास.

रविवारी जेवताना त्यांनी त्या तपासणारीचा उद्धार मांडला. समोर सून बसली होती. ती त्याच कारखान्यात, तपासणाऱ्या पाचसहाजणींतली एक. अंगभर पांढरा झगा चढवायचा, पेशींना निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. मेलेल्या निळ्या पडतात, जित्या रंगाला दाद देत नाहीत. शंभरात सत्तर जित्या हव्यात. डब्यावर नाव नसतं, नुसता आकडा.

"एकेचाळीस नंबर म्हणे," बाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला नंबर देते, सटवी."

सुनेनं हातातला घास ताटात ठेवला. एकेचाळीसला चौसष्ट तिनंच दिले होते. गप्प बसली असती तर खपलंही असतं, पण या सासूच्या हाताखाली बारा वर्षं काढलेल्या पोटात खोटं टिकत नाही.

"आई, ती सटवी मीच."

मुलानं ताटात डोकं घातलं. लग्न झाल्यापासून ही एक विद्या तो पक्की शिकला होता. बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. सहा गुणांसाठी घरच्या माणसाला पाडणारी सून कुठं पाहिली नाही, ऐकली नाही. सुनेनं सगळं ऐकून घेतलं, मग हळूच सांगितलं की नापास का झालं हे शोधायचं कामही तिचंच. डब्यात थंडाव्याची नोंद ठेवणारं यंत्र असतं. तुकडा काढला त्याच दिवशी, दवाखान्यातच, झाकण अकरा मिनिटं उघडं राहून थंडावा गेला होता. कुणी उघडलं, तेवढं यंत्र सांगत नाही.

बाईंचा पट्टा थांबला. डबा न्यायला आलेल्या माणसाला त्यांनीच खाटेशी बोलावून बजावलं होतं, माझा माल आहे, बघितल्याशिवाय हलू देणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

"चष्मा सापडत नव्हता," त्या म्हणाल्या.

सोमवारी डॉक्टरांनी कागद पुढं केला. पेशंटनं सही दिली तर नापास ठिगळही बसवता येतं. टिकेल, न टिकेल. नाहीतर पुन्हा चिरा, पुन्हा पाच आठवडे, आणि या वयाच्या पेशी दुसऱ्यांदा वाढतीलच असं नाही. मुलगा म्हणाला, कर सही, जिना तरी चढशील. बाईंच्या डोळ्यांपुढं गच्चीची दोरी आली. पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं.

"सुनेनं नापास केलेलं मी घरात घेत नाही. गुडघ्यात कुठून घेऊ?"

पुन्हा तुकडा काढला तेव्हा झाकण लागेपर्यंत बाईंचा पहारा होता. लेबल चिकटवायला आलेल्या डॉक्टरांच्या हातावरही चापट बसली, आधी झाकण. आता नंबर कुणाचा ते माहीत झालेलं, म्हणून मोजायचं काम सुनेकडून काढून दुसरीला दिलं होतं. ती नीट मोजते ना, हात सैल नाही ना, असं बाईंनी तीनतीनदा विचारलं. एक्क्याण्णव आले. सुनेनं पुन्हा बघावेत असं त्यांचं म्हणणं होतं, पण कारखान्यानं ऐकलं नाही.

ठिगळ बसवल्यावर सहा महिन्यांनी हेडबाई एकेक पायरी करत गच्चीवर पोचल्या. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि चौदातले पाच कपडे ओढून सुनेच्या हातात दिले. पुन्हा झटक, पुन्हा घाल.

"आई, चौदात नऊ बरोबर," सून म्हणाली. "म्हणजे शंभरात चौसष्ट झाले."

"मग?" बाई म्हणाल्या. "सत्तर लागतात."